बर्फातल्या बाल्कन्या आणि माझा एक्स-रे

ज्यांच्या हातात आत्ता एखादा एक्स-रे आहे आणि तो कुणाला दाखवावा हे ज्यांना कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला क्षय झाला होता. आता नाही. औषधांचं काय ते डॉक्टर सांगतील, ते इथे सापडणार नाही. इथे आहे ती भीती, आणि त्या भीतीपोटी मी केलेली एक गोष्ट. ती वाचून माझा राग आला तरी चालेल. फक्त तुम्ही ती करू नका.

खोकला

दोन हजार तीन सालच्या मार्चमध्ये मी दुबईतल्या एका प्रॉपर्टी कंपनीत लिहायचं काम करत होते. वय चोवीस. आमची कंपनी आल्प्समधल्या एका डोंगरी गावातले फ्लॅट विकायची. हिवाळ्यात चार महिने स्कीइंग, उरलेलं वर्ष दाराला कुलूप. शोरूमच्या मधोमध काचेच्या पेटीत त्या गावाचं मॉडेल होतं. थर्माकोलचा भुगा म्हणजे बर्फ, तारेवर लटकलेले केबल कारचे पाळणे आणि उतारावर नखाएवढी रंगीत माणसं. त्या गावावर इंग्रजीत गोड गोड लिहायचं हे माझं काम. ‘इथली हवा छातीत भरून घ्या’ हे वाक्य माझंच.

मिरजेला बाबांना ही नोकरी कधीच पटली नाही. ते हायस्कुलात शिक्षक, आणि त्यांचा खरा उद्योग पत्रकं काढण्याचा. साप चावला तर मांत्रिकाकडे नेऊ नका, हुंडा देऊ नका, विहिरीत औषध टाका. आठवडी बाजारात ती वाटायचं काम माझं असे. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. माझा थोरला मामा क्षयाने गेला. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या होत्या. त्या वर्षी बाबांनी काढलेलं पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘क्षय लपवू नका.’

मी नोकरी घेतली तेव्हा बाबा म्हणाले होते, “वैजू, तू आता श्रीमंतांना बर्फ विकणार का?”

“विकत नाही बाबा. लिहिते.”

“तेच की.”

तेव्हापासून आमच्यात एक ताठरपणा होता. मी घरी परत जाणं म्हणजे बाबा जिंकणं, इतका तो साधा आणि मूर्ख होता.

मी राहत होते मावशीकडे, दुबईतल्याच अल कुसैसला. वन बेडरूमचा फ्लॅट. आत मावशी आणि काका, बाहेर हॉलमध्ये गादीवर मी आणि त्यांची सई. सई तेव्हा सहा वर्षांची. मी आले तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि पहिल्याच आठवड्यात तिने आईबाबांची खोली सोडून माझ्याशेजारी बस्तान मांडलं होतं. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. एसी चालू, खिडक्या बंद. त्या घराच्या खिडक्या तीन वर्षांत उघडलेल्या मी क्वचितच पाहिल्या.

खोकला फेब्रुवारीपासून होता. धूळ असेल, एसी असेल. वर्तमानपत्रांत सार्सच्या बातम्या येऊ लागल्या तसं ऑफिसात मी खोकले की माना वळायच्या. मी कफ सिरपची बाटली टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायला लागले. संध्याकाळी अंगात कणकण असायची. कमरेला सलवारची नाडी दोन बोटं आत आली होती. मावशी म्हणाली, “वाळलीस गं.” मी म्हटलं, “डाएट.” एप्रिलच्या सुरुवातीला बेसिनमध्ये थुंकीत लाल रेघ दिसली. मी नळ सोडला आणि ती जाईपर्यंत बघत राहिले.

एक्स-रे

सप्टेंबरमध्ये माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. त्यासाठी सरकारी मेडिकल, आणि त्यात छातीचा एक्स-रे. आमच्या कार-पूलमध्ये यावर नेहमी बोलणं चाले. छातीत डाग दिसला की खलास. जुना असला तरी चालत नाही. घरी पाठवतात, परत पाऊल ठेवता येत नाही. खरं किती आणि ऐकीव किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच जास्त भीती होती. मेडिकलच्या आधी खासगीत एकदा ‘ट्रायल’ एक्स-रे काढून घ्यायचा, ही तिथली नेहमीची रीत. मीही शारजाच्या एका लहानशा क्लिनिकमध्ये गेले. मावशीला सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय.

डॉक्टर वयस्कर मल्याळी होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. खोलीत पंख्याचा आवाज होता. मला वाटलं त्यांनी ती खाली ठेवूच नये. ठेवली की बोलतील.

“बेटी, मेडिकल कब है?”

“सप्टेंबर.”

त्यांनी फिल्म पाकिटात घातली. पाकिटावर नाव लिहिलं नाही. “मैं लिखूँगा तो मुझे आगे बताना पड़ेगा. तुम इसी हफ्ते घर जाओ, इलाज शुरू करो. पूरा करो.” मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “घर में कोई छोटा बच्चा है?”

मी म्हटलं, “नाही.”

ही ती गोष्ट.

हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला मी मराठीत उत्तर दिलं, हे नंतर लक्षात आलं. का म्हटलं? ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथून तसंच जाऊ दिलं नसतं. पत्ता विचारला असता, मावशीला बोलावलं असतं. मग काकांचा व्हिसा, सईची शाळा, सगळ्यांवर माझी सावली पडली असती, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. मला माझी नोकरी हवी होती, आणि बाबांसमोर पडेल चेहऱ्याने उभं राहायचं नव्हतं.

पाकीट मी हॉलमधल्या गादीखाली सपाट सरकवलं. त्या संध्याकाळी सई त्याच्यावर कोलांट्या उड्या मारत होती.

शोरूम

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मी सत्यासाठी भांडले. हसू येईल, पण तसंच झालं.

त्या डोंगरी गावातली आमची मुख्य इमारत जुनी होती. तिकडून आलेल्या कागदांत तिचा इतिहास होता. ती क्षयाच्या रुग्णांसाठी बांधलेली. त्या भागातली काही गावं आधी रुग्णांची होती आणि स्कीवाले मागाहून आले, असं त्यात लिहिलं होतं. खोल्या लहान आणि बाल्कन्या प्रचंड, कारण रुग्णांना पलंगासकट बाहेर उन्हात आणि थंड हवेत झोपवत. आमच्या माहितीपत्रकात त्या बाल्कन्या ‘सन डेक’ झाल्या होत्या. दुसऱ्या एका पानावर केबल कार चालवणाऱ्या कामगारांची राहण्याची सोय होती: खालच्या दरीत, बसने पन्नास मिनिटं. मला शारजाचं औद्योगिक क्षेत्र आणि तिथल्या कामगारांच्या बसेस आठवल्या. दोन्ही गोष्टी मी मजकुरात घातल्या. सेल्सचा मुख्य नबील याने दोन्ही कापल्या.

नबील लेबनॉनचा. आमच्यात स्की घालून खरोखर उतरलेला तो एकटाच. मनाने वाईट नव्हता. बाई असो की पुरुष, सगळ्यांना तो ‘हबीबी’ म्हणायचा.

“हबीबी, मी घर विकतो की कबर?”

“लोकांना कळायला हवं ते काय विकत घेताहेत. लपवणं म्हणजे फसवणूकच.”

“तुझे वडील पाद्री आहेत का?”

“मास्तर आहेत.”

“त्याहून वाईट.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, शारजात कापडाचा व्यापार करणारे एक सिंधी गृहस्थ. मॉडेलवर वाकून म्हणाले, “इतनी बड़ी बाल्कनी, और कमरा इतना छोटा? क्यूँ?”

नबील त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “व्ह्यू के लिए.”

मी म्हटलं, “यहाँ टीबी के मरीज़ सोते थे.”

नबीलने डोळे मिटले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेच्या पेटीकडे, आणि मोठ्याने हसले. “अरे, वो तो सौ साल पहले मर गए! हवा तो अच्छी होगी ना?” त्यांनी तिसरा मजला पसंत केला.

ते गेल्यावर नबील म्हणाला, “बघितलंस? शंभर वर्षांपूर्वीच्या खोकल्याला कुणी घाबरत नाही. आजच्या खोकल्याला घाबरतात.” आणि माझ्या टेबलावरच्या सिरपच्या बाटलीकडे बघत हळू आवाजात, “डॉक्टरकडे जा.”

मी बाथरूममध्ये जाऊन बसले. मला त्या बाल्कन्या दिसत होत्या, ओळीने पलंग, गळ्यापर्यंत ब्लँकेट. त्या माणसांना निदान बाहेर ठेवलं होतं, मोकळ्या हवेत. मी मात्र एका मुलीच्या उशीपासून हातभर अंतरावर, बंद खिडक्यांच्या आत.

एकोणीस रात्री

मिरजेला माझी एक मैत्रीण औषधाच्या दुकानात होती. तिला फोन करून मी मामाच्या गोळ्यांची नावं सांगितली. म्हटलं, एका कामगारासाठी हव्यात, बिचाऱ्याला सुट्टी मिळत नाही. तिने विश्वास ठेवला, कारण मी तशीच मुलगी होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर लाडू, लोणचं, मसाले पाठवायची पद्धत आहेच. गोळ्या मेतकुटाच्या डब्यातून आल्या. डबा यायला एकोणीस दिवस लागले.

त्या एकोणीस रात्री मी सईकडे पाठ करून झोपले. तोंडावर ओढणी घ्यायचे, तर ती ओढायची. “व्हाय आर यू हायडिंग?” एकदा तिला साधं पडसं झालं.  दिवसातून दहा वेळा मी तिच्या कपाळाला हात लावायचे. मावशी कौतुकाने काकांना म्हणाली, “बघा, आईपेक्षा मावसबहिणीची माया जास्त.” मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी भाजी वाढून घेतली.

मला कुणी विचारलं की या आजारात सगळ्यात वाईट काय, तर मी खोकला म्हणत नाही. लहान मूल तुमच्या गळ्यात पडतं आणि तुम्ही श्वास रोखून धरता, ते.

संत्र्याचा रस

गोळ्या सुरू झाल्या. बाथरूमचं दार लावून घ्यायचे. दोन आठवड्यांत ताप गेला, भूक लागायला लागली. मी हिशेब मांडला होता की सप्टेंबरपर्यंत डाग जाईल, मग थांबवता येईल. मामाचाही असाच काहीतरी हिशेब असणार. 

त्या गोळ्यांतल्या एकीने लघवी केशरी होते. मी दर वेळी नीट फ्लश करायचे. जूनमध्ये एका सकाळी टाकीत पाणी नव्हतं आणि माझी ऑफिसची गाडी खाली हॉर्न देत होती. मी चप्पल घालत असताना आतून सईचा आवाज आला.

“मम्मा! समबडी पोअर्ड ऑरेंज ज्यूस इन द टॉयलेट!”

काका पेपरामागून हसले. “पिऊ नको म्हणावं.”

मावशी हात पुसत आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मामाची सेवा तिने केली होती. त्याचं भांडं तीच धुवायची. बाहेर आली तेव्हा तिने सईला आधी दूर केलं, आतल्या खोलीत पाठवून दार ओढून घेतलं, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली.

“कधीपासून?”

“मावशी...”

“गोळ्या कधीपासून ते विचारत नाहीये. तुला माहीत कधीपासून आहे?”

“एप्रिल.”

खाली हॉर्न वाजत राहिला. काका काय झालं, काय झालं विचारत होते.  मावशी हॉलमधल्या खिडकीपाशी गेली. कडी गंजून बसली होती. तिने हाताच्या मुठीने ती ठोकून ठोकून उघडली. भट्टीसारखी गरम हवा आत आली. मग तिने आमची गादी उचलली, आणि खाली ते पाकीट होतं.

मिरज

सईच्या शाळेला सुट्टी लागायच्या आधीच आम्ही तिघी निघालो. काका विमानतळावर आले. सईला त्यांनी उचललं, मला फक्त म्हणाले, “इन्शाल्ला, पोरीला काही नसेल.” माझ्या तब्येतीचं त्यांनी विचारलं नाही. मलाही ते बरं वाटलं.

बाबा स्टेशनवर होते. मी ज्या क्षणाला सगळ्यात जास्त घाबरत होते तो असा गेला: त्यांनी माझी बॅग घेतली आणि म्हणाले, “गोळ्या चालू आहेत ना? एकही चुकवू नकोस.” पुढे आठवडाभर ते बोलले नाहीत. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला घरातच काय बोलावं हे सुचत नव्हतं.

दवाखान्यात मला दहा दिवस ठेवलं. सकाळी सहाला थुंकीसाठी डबी. सातला गोळ्या, सिस्टरसमोर. मग नुसतं पडून राहायचं. वॉर्डच्या खिडक्या दोन्ही बाजूंनी सताड उघड्या होत्या आणि मला त्याची थंडी नव्हे, लाज वाटायची. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, मनाने घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतू औषधाला दाद देईनासा झाला असू शकतो, तपासणीचा निकाल यायला दोन महिने लागतील. म्हणजे सईत जो गेला असेल तोही तसाच. हे ऐकल्यावर मी उशीचा कोपरा तोंडात धरला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी काही न विचारता स्वतःची चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. सात महिन्यांपासून त्या इथे येऊन-जाऊन होत्या. “रडायचं असंल तर दुपारी रड,” म्हणाल्या. “सकाळी राउंड असतो.”

सईचा हात

लहान मुलांना हाताच्या कातडीत एक सुई देतात आणि दोन दिवसांनी फोड किती उठला ते पट्टीने मोजतात. ते दोन दिवस सई फ्रॉकची बाही वर करून घरभर सगळ्यांना हात दाखवत होती. पहिल्या संध्याकाळी नुसता ठिपका. दुसऱ्या सकाळी त्याचा टपोरा फोड झाला होता. मावशीने तो बघितला आणि बाही खाली ओढली.

डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी लावली. मग छातीचा फोटो बघितला. जंतू शिरला आहे, आजार झालेला नाही, असं त्यांनी सांगितलं. सहा महिने रोज गोळी. माझा निकाल वेगळा आला तर मग पुन्हा बघू. तुमच्यामुळेच झालं असं कागदावर कुणी सिद्ध करू शकणार नाही, असंही ते मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत दया होती, ती मी घेतली नाही.

बाहेर रिक्षा थांब्यावर मावशी पहिल्यांदा मोकळी बोलली. “तू आजारी पडलीस याचा मला राग नाही. आजार कुणालाही होतो, माझ्या भावाला झाला. तू दार लावून गोळ्या घेत होतीस आणि मी बाहेर तुझ्यासाठी तूप लावून पोळ्या करत होते, याचा आहे.”

“मी काय करू?”

“मला काय विचारतेस? तिकडे ऑफिसात माणसं नव्हती का?”

त्याच दुपारी मी बूथवरून नबीलला फोन लावला. सांगितलं: मला टीबी आहे, एप्रिलपासून माहीत होतं, माझ्या जवळ बसणाऱ्या सगळ्यांची छाती तपासून घ्या. 

“तुला कळतंय ना, यानंतर तुला परत येता येणार नाही?”

“कळतंय.”

“यल्ला, चल,” तो म्हणाला, “बरी हो.” दोन महिन्यांनी त्याने स्वतःहून फोन केला. सगळे स्वच्छ होते. त्याच महिन्यात माझाही निकाल आला. जंतू साध्या गोळ्यांना दाद देत होता. मी नशीबवान ठरले, शहाणी नव्हे. हा फरक कृपा करून विसरू नका.

पण त्याआधी, सईच्या पहिल्या गोळीच्या दिवशी, सईने तोंड घट्ट मिटून घेतलं.

“आय ॲम नॉट सिक.”

मावशीने समजावलं, तिच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने साखर दाखवली, बाबांनी जंतू म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. सई भिंतीला टेकून उभी. “देन व्हाय? हू इज सिक?”

मावशी गोळी हातात घेऊन माझ्याकडे वळली. “सांग तिला.”

मी सईपासून चार हातांवर जमिनीवर बसले. “मी आजारी होते. माझ्यातला जंतू तुझ्यात आला.”

“यू गेव्ह इट टू मी?”

“हो.”

“बाय मिस्टेक?”

इथे ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. कुणी अडवलं नसतं, मावशीनेही नसतं.

“आला तो चुकून. पण तो येऊ शकतो हे मला माहीत होतं. तरी मी तुझ्याशेजारी झोपत राहिले आणि कुणाला सांगितलं नाही.”

सई रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, नवीन बाईंकडे वर्गात मुलं बघतात तशी. मग म्हणाली, “देन यू ईट फर्स्ट.”

मी माझ्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायले.

“ओपन.”

मी तोंड उघडलं.

“टंग अप.”

मी जीभ वर केली. तिने वाकून नीट बघितलं, एका बाजूने, मग दुसऱ्या. मग आईसमोर हात पुढे केला.

सईच्या गोळ्या मी दुबईला लपवून नेणार नाही, असं मावशी म्हणाली होती. त्यामुळे त्या दोघी सहा महिने मिरजेलाच राहिल्या, सई इथल्या शाळेत गेली, काका तिकडे एकटे जेवले. रोज सकाळी हे असंच चाललं. हळूहळू ती माझ्याशी खेळायला लागली, भांडायला लागली, एकदोनदा मराठीतही बोलली. पण माझं तोंड बघितल्याशिवाय तिने स्वतःची गोळी एकदाही उचलली नाही.